ज्याचे बळ अधिक, त्याचा भार अधिक

श्रोतेहो, रस्ता एकच असला, तरी मोटारचालक आणि सायकलस्वार त्यावर समान बळाने उतरत नाहीत. टक्कर झाली, तर एकाच्या गाडीला पोचा पडतो. दुसऱ्याचा प्राण जातो.

नेदरलंड्समध्ये महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि सायकली कडेला लोटल्या गेल्या. १९७१ साली तेथील रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली; त्यांत ४०० हून अधिक बालके होती. तेव्हा ‘बालहत्या थांबवा’ अशी हाक देऊन आईबाप रस्त्यावर उतरले. पुढे तेथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग झाले, वस्तीतील मोटारींचा वेग उतरला. कायद्यानेही भरपाईचा भार प्रथम मोटारमालकावर ठेवला. १४ वर्षांखालील मुलाची चूक दाखवून त्याला सहसा सुटता येत नाही.

सायकलस्वाराने रात्री दिवा लावावा, हात दाखवून वळावे, हे त्याचे कर्तव्यच होय. परंतु वेग दुप्पट झाला, की आघाताची शक्ती चौपट होते. ती शक्ती ज्याच्या पायाखाली आहे, त्यानेच आधी ब्रेक दाबावा. यात उपकार नाही, न्याय आहे.