कड्यातला बोल्ट



तुमच्यापैकी निम्म्यांना आठवत असेल, नववीच्या सहलीत राजगडाच्या चोर दरवाज्याखाली मी रडत बसले होते. उरलेल्या निम्म्यांना ते सांगायला बाकीचे आहेतच! तीच मी गेल्या नोव्हेंबरात ग्रीसमध्ये कडा चढायला गेले होते. आज त्या गावाबद्दल बोलते. शेवटी एक मागणेही आहे.

म्युनिकला ऑफिसातल्या दोघी मैत्रिणींच्या नादाने मी वर्षभर तिथल्या कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहण शिकले. मग आम्ही लेओनिदिओला गेलो. पेलोपोनीजच्या पूर्व किनाऱ्यावरचे, जेमतेम चार हजार वस्तीचे हे गाव. चार किलोमीटरवर प्लाका हे छोटे बंदर, आणि गावाच्या डोक्यावर तांबड्या चुनखडीचे उभे कडे. इथली जांभळी, पांढऱ्या रेघांची, गोडसर वांगी नावाजलेली. म्हातारी माणसे त्साकोनियन बोलतात. प्राचीन डोरिक ग्रीकपासून आलेली ही भाषा बोलणारे आता थोडेच उरलेत.

पाहुणे यायचे ते उन्हाळ्यात, समुद्रासाठी. थंडीत गाव सामसूम. कड्यांचा कुणाला काय उपयोग? पण २०१३च्या सुमारास आरोहकांनी तिथे पद्धतशीर मार्ग तयार करायला घेतले. उन्हाळ्यात दगड तापतो, म्हणून चढाईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे नेमका गावाचा रिकामा काळ. आता नोव्हेंबरात तिथे चढाईचा महोत्सव भरतो, खोल्या भाड्याने जातात, आणि सकाळी बेकरीत दोर खांद्यावर टाकलेली पोरे दिसतात.

मार्ग तयार करायचा म्हणजे कुणीतरी दोरावर लोंबकळत सैल दगड पाडायचे, ड्रिलने भोके पाडायची आणि त्यांत बोल्ट बसवायचे. तीस मीटरच्या मार्गाला दहा-बारा तरी लागतात. पुढे येणारा त्यांत दोर अडकवत वर जातो. कड्याला तिकीट नाही.

चौथ्या दिवशी पाचव्या बोल्टच्या वर माझा पाय सुटला. दोन-तीन मीटर पडले आणि दोर ताणला गेला. खाली दोर धरलेल्या मैत्रिणीचे मी शंभरदा आभार मानले. रात्री लक्षात आले, मला पेलले ते त्या बोल्टनेही. तो कुणी बसवला, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाला विचारले. तो म्हणाला, समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, चांगले स्टेनलेस स्टील लागते. काही किनाऱ्यांवर तेही आतून तडकते, बाहेरून चकचकीत दिसत असताना. तिथे टायटॅनियम वापरावे लागते. म्हणून बोल्ट तपासत राहायचे, जुने काढून नवे बसवायचे. मग तो हसून म्हणाला, "नवा मार्ग तयार करणाऱ्याला मार्गाचे नाव ठेवता येते. त्याचे नाव पुस्तकात छापतात. जुना बोल्ट बदलणाऱ्याचे नाव कोण छापतो?"

मला माझा धंदा आठवला. नवी सोय बनवली की टाळ्या. जुना कोड नीट चालत ठेवणाऱ्याला फोन येतो तो फक्त तो बंद पडल्यावर.

आणि बाई आठवल्या. राजगडावर सगळे वर गेले, तेव्हा माझ्याजवळ त्या थांबल्या. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. त्या दिवशी माझ्यामुळे तुम्हालाही गड पाहता आला नाही. हे बोलायला मला तीस वर्षे लागली.

आता मागणे. आपल्या बॅचची भेट म्हणून सगळ्यांची नावे कोरलेले प्रवेशद्वार बांधायचे घाटते आहे. ग्रुपवर मीही 'हो' म्हटले होते. काल संगणक कक्षात गेले. आधीच्या एका बॅचने दिलेले दहा संगणक आहेत, त्यांतले चार सुरू होतात. पाटी मात्र लखलखीत आहे. चूक देणाऱ्यांची नाही, शाळेचीही नाही. दुरुस्तीचे पैसे कुणी धरलेच नव्हते.

म्हणून मी माझे मत बदलते. कमान नको. दरवर्षी प्रत्येकाने थोडी वर्गणी काढू. त्यातून संगणक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जे बिघडेल ते दुरुस्त करू. मी दर डिसेंबरात येतेच, तेव्हा दोन दिवस बसून सगळी यंत्रे तपासून देईन. पहिली वर्गणी आज माझी.

एखादी मुलगी त्यावर टेकून वर जाईल. तिला आपली नावे माहीत नसली तरी काही बिघडत नाही.