धूळ खात पडलेला संगणक

श्रोतेहो, एखादी वस्तू कोणी वापरीनासे झाले, की ती 'धूळ खात पडली आहे' असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार मी आजवर पुष्कळदा वापरला. परंतु धूळ खाणे म्हणजे काय, हे प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला तो गेल्या ज्येष्ठात. मौज अशी, की मी पाहिलेली वस्तू पडून राहिल्यामुळे नव्हे, तर वीस वर्षे इमानेइतबारे राबल्यामुळे धूळ खात होती. ती वस्तू म्हणजे आमच्या मराठी वाचनालयातील जुना संगणक.

आम्ही ग्वाल्हेरकर. उन्हाळ्यात आमच्याकडे 'आंधी' येते. भर दुपारी आकाश पिवळे होते, आणि दारेखिडक्या घट्ट लावून घेतल्या तरी पुस्तकांच्या पाठीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी माती घरात येऊन बसते. अशा गावात, खिडकीला लागून असलेल्या मेजाखाली, 2003 साली घेतलेला हा पेंटियम फोर जातीचा संगणक ठेवलेला होता. आमच्या दिवंगत ग्रंथपालांनी त्यावर वाचनालयाची संपूर्ण ग्रंथसूची एकट्याने उतरविली होती: पुस्तकाचे नाव, लेखक, देणगीदार, आणि शेवटी 'शेरा' असा एक रकाना. मूळ नोंदवह्या वाळवीने केव्हाच फस्त केल्या. म्हणजे आमची सूची ह्या एका पेटीवाचून अन्यत्र कोठेही नव्हती.

आणि ती पेटी दहा मिनिटे चालून आपोआप बंद पडू लागली. प्रथम पंखा घरघरे, मग पडद्यावरील हालचाल मंदावे, आणि मग एकदम अंधार. बाजारातील एका दुकानदाराने पेटी न उघडताच 'मदरबोर्ड गेला' असे निदान केले. माझा भाचा म्हणाला, "मामा, हे आता भंगारात द्या. आतली हार्ड डिस्क तेवढी काढून मी दुसऱ्या संगणकाला जोडून देतो."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ती सूची जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात होती. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 सालीच जागा मिळाली होती. तरी त्यानंतर कित्येक वर्षे आपण रोमन अक्षरांच्या घरात मराठी अक्षरे बसवून काम भागवीत आलो. तो टंक नसेल, तर 'ज्ञानेश्वरी' च्या जागी नुसती विरामचिन्हे व कंस दिसतात. आमची टंकप्रणाली तर एका चिमुकल्या कुलुपावर चाले, व ते कुलूप प्रिंटरच्या खोबणीत बसे; तशी खोबण आजच्या संगणकांना नसते. तेव्हा हेच यंत्र काही तास तरी चालते राहणे आवश्यक होते.

एका रविवारी आम्ही मामाभाचे ती पेटी घेऊन ओसरीवर बसलो. वीज तोडल्यावर भाच्याने चालू करण्याची कळ क्षणभर दाबून धरली. आत उरलेली वीज निघून जावी, म्हणून असे करतात. मग स्क्रू काढून बाजूचा पत्रा ओढला, आणि आतील दृश्य पाहून मी थक्क झालो. श्रोतेहो, ती धूळ नव्हती. ती जवळजवळ गोधडी होती. करड्या रंगाचा एक सलग थर सर्वत्र पसरलेला. त्यात माती होती, कपड्यांचे तंतू होते, सरस्वतीच्या तसबिरीपुढील उदबत्तीची राख होती, आणि वाचकांच्या त्वचेचे झडलेले सूक्ष्म कणही असणारच.

हे सारे आत जाते कसे? संगणकाचा मेंदू म्हणजे तो सी.पी.यू. काम करताना विलक्षण तापतो. त्याच्या डोक्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. व त्यावर पंखा. पेटीच्या एका अंगाने हवा आत यावी, तापलेल्या पात्यांमधून फिरावी आणि मागून बाहेर पडावी, अशी योजना असते. हवेबरोबर धूळ येते, हवा निघून जाते, धूळ राहते. पात्यांमधील फटी बुजल्या, की पंखा वरून कितीही घरघरला तरी वारा खाली पोहोचत नाही. मग हा सी.पी.यू. आधी आपला वेग कमी करून स्वतःला सावरू पाहतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर जळून जाण्याआधी यंत्र बंद होते. दुकानदाराने ज्याला मरण म्हटले, ती वस्तुतः आत्मरक्षणाची युक्ती होती.

मी उत्साहाने फुंकर मारणार, तोच भाच्याने मला थांबविले. फुंकरीबरोबर ओलावा जातो. घरातील व्हॅक्यूम क्लीनरही त्याने नाकारला. त्याच्या नळीपाशी स्थिर वीज साठते व तिचा नाजूक भागांना धोका असतो. रंगकामाचा एक कोरा, मऊ ब्रश आणि हवेचा एक छोटा पंप, एवढीच आमची आयुधे. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावयाचे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बिघडते. वीजपुरवठ्याची आतली डबी मात्र त्याने उघडू दिली नाही. वीज तोडल्यावरही तिच्यात जिवावर बेतेल इतका भार काही काळ टिकून असू शकतो. तिची जाळी बाहेरूनच साफ केली.

खरा कसोटीचा प्रसंग पुढेच होता. हीटसिंक आणि सी.पी.यू. यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तो इतक्या वर्षांत वाळून खडू झाला होता. भाच्याने ठोकळा किंचित पिळून मग उचलला, तरी त्याला चिकटून खालचा सी.पी.यू.ही उपटून वर आला! ह्या जातीत असे घडते, हे त्यास ठाऊक होते; परंतु ठाऊक असल्याने घाबरणे काही टळत नाही. त्याच्या तळाशी 478 पिना, केसाहून थोड्याच जाड. आणि कोपऱ्यातील दोन वाकलेल्या. मोडली असती तर आमची ग्रंथसूची तेथेच संपली असती. भाच्याने चष्म्याची पातळ काडी नव्हे, सुई नव्हे, दाढीचे एक पाते मागितले, आणि पिनांच्या दोन ओळींमधून ते सरकवीत, श्वास रोखून, त्या दोन्ही पिना सरळ केल्या. मी तेवढा वेळ अंगणातील कडुनिंबाकडे पाहात बसलो होतो, हे कबूल करतो.

पुढचे सोपे होते. जुना लेप स्पिरिटने पुसला, मुगाच्या दाण्याएवढा नवा लावला, घड्याळासाठी असलेली तीन व्होल्टांची चपटी बॅटरी बदलली. संध्याकाळी कळ दाबली. पूर्वी ऐंशीच्या वर जाणारे तापमान बावन्न अंशांवर स्थिरावले. घड्याळ मात्र 1 जानेवारी 2002 दाखवीत होते. बॅटरी काढल्याने त्याची मधली वर्षे पुसली गेली होती, ती भाच्याने भरून दिली.

दुसऱ्या दिवशी कुलुपामागे जुना प्रिंटर जोडून आम्ही सूची छापावयास घेतली. रात्रीपर्यंत तो कर्कश आवाज चालू होता. छापील पाने पाहून दोन मुली आता त्या नोंदी युनिकोडमध्ये उतरवीत आहेत.

पाने चाळताना सहज 'शेरा' ह्या रकान्याकडे लक्ष गेले. 'पृष्ठे फाटली', 'दुसरा भाग मिळवावा', अशा बारीक टिपणांमध्ये एका प्रवासवर्णनासमोर माझे नाव होते, आणि पुढे लिहिले होते: 'तीनदा मागितले. देतो म्हणतात.'

ते पुस्तक माझ्याच कपाटात, वरच्या फळीवर निघाले. रंगकामाचा तोच ब्रश त्यावरून फिरविला आणि सकाळी वाचनालय उघडताच ते नेऊन दिले.