काळ्याचा करडा का होतो?

संकलकाने रात्रभर बसून एखादा लघुपट सिद्ध करावा, तिन्हीसांजेच्या प्रसंगातील सावल्या मनाजोगत्या गडद कराव्यात, आणि एक्स्पोर्ट केलेली फाईल सकाळी उघडावी, तो काळा रंग करडा झालेला, चेहरे फिकुटलेले! अशा वेळी तो बहुधा चित्र आणखी गडद करून फाईल पुन्हा काढतो. खरा बिघाड तेथेच होतो. कारण पहिली फाईल पुष्कळदा निर्दोष असते.

चित्र म्हणजे अखेर आकड्यांची मालिका. आठ बिटांच्या चित्रात ० ते २५५ असे आकडे मावतात. दूरचित्रवाणीच्या परंपरेत मात्र काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. संकेताच्या चढउतारासाठी दोन्ही टोकांना मोकळी जागा राखण्याची ती जुनी, शहाणपणाची सवय. संगणकाचा पडदा काळा म्हणजे ० असेच धरून चालतो. वाचणाऱ्या प्लेअरने हे १६ तसेच पडद्यावर उमटवले की काळ्याचा करडा होतो. उलट घोटाळा झाला, तर सावल्यांतील तपशील काळोखात बुडतो. इंचांतील माप सेंटिमीटर समजून शिंप्याने कापड बेतावे, तसेच हे.

रंगांचेही असेच. १९८२ च्या ६०१ क्रमांकाच्या मानकात उजेडाच्या हिशेबातील हिरव्याचा वाटा ०.५८७, तर १९९० च्या ७०९ मध्ये तो ०.७१५२. फाईलवर मानकाची खूण नसेल, तर प्लेअर अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की गवताचा व त्वचेचा वर्ण किंचित सरकतो.

सर्वांत फसवा प्रकार गॅमाचा. संकलनकक्षातील मॉनिटर बहुधा २.४ गॅमाला लावलेला असतो. मॅकवरील क्विकटाइम प्लेअर ७०९ ची खूण असलेली फाईल सुमारे १.९६ धरून दाखवतो. काळा आणि पांढरा जागच्या जागी राहतात, मधल्या छटा तेवढ्या उजळतात. मग डोळ्यांवर विसंबून निवाडा कसा व्हावा?

त्यासाठी ती फाईल संकलनाच्या त्याच प्रोग्रॅममध्ये परत आणून मूळ चित्रावर ठेवावी आणि दोन्हींचा वेव्हफॉर्म ताडून पाहावा. आलेख जुळले नाहीत, तर एक्स्पोर्टमधील पातळीचे व मानकाचे सेटिंग तपासावे. जुळले, तर फाईल तशीच ठेवून दुसऱ्या प्लेअरवर, दूरचित्रवाणी संचावर आणि फोनवर लावून पाहावी. एका प्लेअरसाठी गडद केलेली ती तिन्हीसांज अन्यत्र मध्यरात्र होते.