तेल कुणाच्या ताटापर्यंत पोचतं?

(एकलहरे, जि. नाशिक इथल्या महिला मेळाव्यातल्या भाषणाचं शब्दांकन)



आज इथं वसाहतीत राहणाऱ्या बायका आहेत, आसपासच्या गावांतून आलेल्या शेतमजूर बायका आहेत, वीटभट्टीवर आणि कंत्राटी कामावर जाणाऱ्याही आहेत. एरवी आपण जमतो तेव्हा मारहाण, पोटगी, दारू, बचतगटाचं कर्ज यावर बोलतो. आज मी तेला-तुपावर बोलणार आहे. हा काय चळवळीचा विषय झाला, असं कुणाच्या मनात येईल. पण घरात आलेल्या वस्तूतलं कुणाला किती मिळतं हा प्रश्न निघाला की तो आपलाच विषय होतो.

तेलाबद्दल आपल्याला दोन उलट गोष्टी ऐकायला मिळतात. डॉक्टर सांगतात, तेल कमी करा, हृदयाला वाईट. जाहिरात सांगते, अमुक तेल खा, प्रतिकारशक्ती वाढेल. २०२० साली करोना आला तेव्हापासून तर तेल, काढे, च्यवनप्राश, सगळ्यांवर ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द छापलेला दिसतो. आपल्या कामाचं यातलं काय, ते आधी समजून घेऊ.

आपलं शरीर असंख्य पेशींचं बनलेलं आहे आणि प्रत्येक पेशीभोवती जे पातळ आवरण असतं ते मुख्यतः स्निग्धाचं असतं. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचंही तसंच. जंतू आत आला की या पेशी स्वतःच्या आवरणातली स्निग्धाम्लं सुटी करतात आणि त्यांपासून निरोप देणारी रसायनं तयार करतात. काही रसायनं सांगतात, ‘इकडे या, सूज आणा, लढा.’ काही सांगतात, ‘झालं, आता थांबा, डागडुजी करा.’ दोन्ही निरोप लागतात. सूज आलीच नाही तर जंतू माजतो, आणि सूज उतरलीच नाही तर शरीर स्वतःलाच जाळत राहतं.

या कामासाठी लागणारी दोन स्निग्धाम्लं शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. एक ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आम्ल आणि दुसरं ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल. अन्नातलं स्निग्ध नुसतं उष्मांकांपुरतं नसतं, हे १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या जोडप्यानं दाखवून दिलं. त्यांनी उंदरांना बाकी सगळं दिलं, फक्त स्निग्ध अजिबात दिलं नाही. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले, ते लवकर मेले. थोडंसं योग्य स्निग्ध दिल्यावर ते सुधारले. कातडी ही रोगाविरुद्धची पहिली भिंत आहे. तीच फुटली तर आतले शिपाई किती पुरे पडणार?

दुसरी गोष्ट जीवनसत्त्वांची. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धात विरघळणारी आहेत. नाक, घसा, फुप्फुसं, आतडी यांचं आतलं अस्तर धड ठेवायला ‘अ’ जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, आणि गोवर-जुलाबासारखे आजारही मुलाला जास्त भोवतात. मेथी, चाकवत, शेवगा, गाजर, लाल भोपळा यांत या जीवनसत्त्वाचा कच्चा माल असतो. पण नुसत्या पाण्यात उकडलेल्या भाजीतून तो अंगात नीट उतरत नाही. त्याच जेवणात थोडं तेल, शेंगदाण्याचं कूट किंवा खोबरं असलं की उतरतो. चमचाभर पुरतं, तर्री लागत नाही.

तिसरी गोष्ट अंगावरच्या चरबीची. तिच्यापासून लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते १९९४ साली सापडलं. माणूस उपाशी राहिला, खंगला, की लेप्टिन घटतं आणि लढणाऱ्या पेशींचं कामही मंदावतं. उलट पोटावर फार चरबी साठली तर अंगात बारीक सूज कायम धुमसत राहते. म्हणजे खूप रोडपणाही वाईट आणि खूप लठ्ठपणाही.

आता आपल्या राज्याकडे बघू. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या पाचांतली एक बाई वजनानं फार कमी निघाली आणि पाचांतल्या एकीहून थोड्या जास्त बायका जादा वजनाच्या निघाल्या. ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. तेव्हा ‘तेल कमी खा’ हा सल्ला सगळ्या बायकांना सरसकट देता येत नाही. जिच्या घरी रोज तळण होतं तिला तो बरोबर आहे. जी दहा-वीस रुपयांचं तेल पुडीत बांधून आणते आणि त्यात सहा जणांचं कालवण करते, तिला हा सल्ला देणं ही थट्टा आहे.

मग लागतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१० च्या शिफारशींत, वरून घेतलेलं तेल-तूप बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम, मध्यम कामाच्या बाईला २५ आणि अंगमेहनतीच्या बाईला ३० ग्रॅम सांगितलं होतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ३०. चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. तेव्हा चार ते सहा चमचे. पाच माणसांच्या घराला महिन्याला चार लिटरच्या आसपास तेल झालं.

या तक्त्यात एक गंमत आहे. ‘बैठं काम’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? घरी असलेली बाई. पाणी भरणं, धुणी, भांडी, गोठा, सरपण, लेकरू काखेत घेऊन रेशनच्या रांगेत उभं राहणं, हे सगळं करून तिला विचारलं तर ती स्वतःच म्हणते, ‘मी काही करत नाही, घरीच असते.’ बाईच्या कामाला काम न म्हणण्याची सवय तिच्या ताटापर्यंत पोचते ती अशी. तुम्ही कोणत्या रांगेत बसता ते तुमच्या दिवसावरून ठरवा, नवऱ्याच्या बोलण्यावरून ठरवू नका.

घरात आलेलं तेल वाटलं कसं जातं, हेही बघा. रश्श्यावरचा तवंग पहिल्या वाढणीत जातो. अंडं, मासळी, तुपाची धार, दुधावरची साय पुरुषांना आणि मुलग्यांना. बाई शेवटी बसते आणि पातेलं पुसून भाकरी खाते. हे तिला कुणी काठी घेऊन सांगत नाही. तिनं आईला तसं करताना पाहिलेलं असतं. तूप-डिंक-खोबरं तिला हक्कानं मिळतं ते फक्त बाळंतपणात, तेही सव्वा महिना. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू ही आपल्याकडची शहाणी रीत आहे यात शंका नाही. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धातून येते आणि आई काय खाते त्यावर दुधातल्या स्निग्धाचा कस ठरतो. पण त्या रितीमागचा हिशेब बाळाचा असतो. मूल अंगावरून सुटलं की बाईचं तूपही सुटतं. आपण म्हणतो, बाई आई नसली तरी माणूस आहे, तिलाही पेशी आहेत.

तेल कोणतं, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर असं की एकच एक तेल वर्षानुवर्षं खाऊ नका. शेंगदाणा, करडई, तीळ, सोयाबीन, मोहरी आलटून पालटून वापरा. आपल्या जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडच्या आदिवासी बायका खुरासणी पिकवतात. तिचं तेल चांगलं, चटणीही चांगली. शेंगदाणा आणि तीळ यांच्या वजनात जवळजवळ निम्मं तेलच असतं. ओमेगा-३ आपल्या जेवणात सहसा कमी पडतं आणि ते सगळ्यात स्वस्तात मिळतं जवसात. जवसाच्या तेलातलं निम्म्याहून अधिक स्निग्ध या गटातलं असतं. जवस भाजून, कुटून, लसूण-मिरची घालून रोज चमचाभर चटणी खाल्ली तरी उपयोग आहे. अख्खे दाणे गिळले तर तसेच बाहेर पडतात. मासळी खाणाऱ्यांना बांगडा, तारली यांतूनही ते मिळतं. पिशवीवर लिहिलेल्या ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाला मात्र जास्त पैसे मोजू नका.

वनस्पती तूप टाळा. तेल गोठवताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतात आणि ते हृदयाला घातक असतात. सरकारनं १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवणं हेही तितकंच वाईट. आपल्यातल्या काही जणी वडे-भजी विकतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. काळं पडलेलं, फेसाळणारं, चिकट झालेलं तेल टाकायचं, घरच्या भाजीत घालायचं नाही. बऱ्याच घरी गिऱ्हाइकाला ताजं आणि घरच्यांना उरलेलं अशी वाटणी असते.

सुट्या तेलाबद्दलही बोललं पाहिजे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं होतं. साठाहून अधिक माणसं गेली. गरीब बाई सुटं तेल घेते कारण तिच्याकडे पूर्ण लिटरचे पैसे एकदम नसतात. चार-पाच घरांनी मिळून बंद डबा आणला आणि मापानं वाटून घेतला तर तेल खात्रीचं मिळेल आणि दरही कमी पडेल. हे काम बचतगट सहज करू शकतो.

आता मर्यादा सांगते. तेलानं क्षय बरा होत नाही, ताप उतरत नाही. कोळशाच्या राखेची धूळ छातीत जाते तिथं तेल खाऊन फुप्फुसं वाचत नाहीत. धूळ रोखणं हे ज्यांचं काम आहे त्यांच्याकडेच ते मागावं लागेल. पण पोट नीट भरलेलं असणं आणि रोग होणं यांचा संबंध पक्का आहे. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरांत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांना तांदूळ, डाळ, दूधपावडर आणि तेल असा शिधा दिला. काही घरांत बाकीच्या माणसांनाही तांदूळ-डाळ दिली. त्या घरांत नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. एकट्या तेलाचं हे श्रेय नाही, पोटभर अन्नाचं आहे. क्षयरुग्णाला उपचार चालू असताना सरकार पोषणासाठी पैसे देतं. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आपल्या वस्तीत कुणी रुग्ण असेल तर ते पैसे तिच्या खात्यात येतात का आणि तिच्याच पोटात जातात का, हे विचारा.

शेवटी रेशन. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख मानली आहे. पण त्या कार्डावर धान्यच मिळतं, डाळ नाही, तेल नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल दिलं. सणाला दिलं, म्हणजे देता येतं. तमिळनाडूनं २००७ पासून तूरडाळ आणि पामतेल सवलतीत दर महिन्याला द्यायला सुरुवात केली. आपल्या राज्यात आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण. पण बाईला भूक लागते ती काही फक्त गरोदरपणात नाही. देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. तिकडे भाव चढले की इकडे पहिली कात्री बाईच्या ताटाला लागते. म्हणून डाळ आणि तेल वर्षभर रेशनवर मिळालं पाहिजे, आणि आपल्या भागातल्या जवस, करडई, खुरासणीला भाव मिळाला पाहिजे, या दोन्ही मागण्या एकत्र करायच्या.

पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करा. तेलाची पिशवी फोडली की कॅलेंडरवर खूण करा, संपली की दुसरी खूण करा. घरात माणसं किती ते लिहा. आणि आठवडाभर संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवायला बसा. पहिल्या दिवशी बोलणी बसतील, तीही लिहून ठेवा. हे कागद एकत्र केले की तहसील कचेरीत जाताना आपल्या हातात आपले स्वतःचे आकडे असतील.