अर्धा माणूस
(शिक्षक व हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



लहान मुलांना आकार कसे शिकवावेत, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी डहाणू तालुक्यातील एका पाड्यावर पहिली-दुसरीचे वर्ग घेते. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

माझ्या वर्गात आकारांचा तक्ता टांगलेला होता. त्रिकोण, चौरस, आयत, वर्तुळ. मुले रोज एका सुरात नावे म्हणत. तक्त्यावरचा त्रिकोण नेहमी टोक वर करून बसलेला. एक दिवस मी फळ्यावर टोक खाली असलेला त्रिकोण काढला आणि नाव विचारले. वर्ग गप्प. पहिलीतली एक वारली मुलगी उठून म्हणाली, “बाई, हा अर्धा माणूस.” मुले हसली. मी म्हणाले, “चूक. खाली बस.”

त्यानंतर तिने हात वर केला नाही. मग ती अधूनमधून गैरहजर राहू लागली. आपल्याकडे मुलांची शाळा सुटते ती अशीच, हळूहळू. आठवड्याभराने मी तिच्या घरी गेले. घरात नुकतेच लग्न झाले होते. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक होता. चौकात पालघट देवी, बाहेर नाचणारी माणसे. प्रत्येक माणूस म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण, वरचा उलटा आणि खालचा सुलटा. वरचा त्रिकोण म्हणजेच तिचा अर्धा माणूस!

माझ्या तक्त्यावर जो त्रिकोण नव्हता, तो तिच्या घराच्या भिंतीवर होता. तिच्याकडे फक्त आपला शब्द नव्हता.

ती शाळेत आली त्या दिवशी मी वर्गासमोर सांगितले, “तिचं बरोबर होतं, बाईंचं चुकलं.” तिच्या हातात खडू दिला. तिने उरलेला अर्धा माणूस काढला. मग मी विचारले, “वरच्याला बाजू किती? कोपरे किती? आणि खालच्याला?” तीन आणि तीन. “म्हणून दोघांचं नाव एकच, त्रिकोण.” हे त्यांना पुन्हा सांगावे लागले नाही.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. आधी वस्तू हातात. बांगड्या, डब्यांची झाकणे, काडेपेट्या, पाने मुले आपापल्या मनाने वेगळी लावतात आणि आपल्याच शब्दांत सांगतात. मग आकार तयार करायचा. काड्यांची टोके सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार सारख्या काड्यांचा चौरस बोट लावताच कलतो. बाजू तेवढ्याच राहतात, पण कोपरे बदलतात, म्हणून तो चौरस उरत नाही. समोरासमोरचे कोपरे जोडणारी तिरपी काडी घातली की दोन त्रिकोण होतात आणि तो घट्ट उभा राहतो. एक मुलगा म्हणाला, “म्हणून छपराला तिरपं लाकूड असतं.” हे मी शिकवलेले नव्हते.

वर्तुळासाठी अंगणात खुंटी ठोकतो, तिला दोरी बांधतो आणि दोरी ताणून धरत फिरतो. सगळीकडून खुंटी सारखीच लांब, हे पायांनाच कळते. नाव सर्वांत शेवटी. आणि प्रत्येक आकार फिरवून, लहानमोठा करून दाखवायचा. कोपऱ्यावर उभा केलेला चौरस मुलांना पतंग वाटतो. तेव्हा कागदाला दोनदा घडी घालून काटकोन करायचा आणि चारही कोपऱ्यांना लावून पाहायचा. बसला, बाजूही सारख्या निघाल्या, तर तो चौरसच.

यात नवीन काही नाही. आपल्याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना परिसरातल्याच वस्तूंनी शिकवले. आपण ते विसरलो आणि तक्ते टांगले.

हितचिंतकांना माझी विनंती आहे. प्लॅस्टिकचे महागडे संच पाठवण्याची घाई करू नका. खडू, कोरे कागद आणि दोरी पुरेशी आहे. आणि शिक्षक मित्रहो, मुलाचे उत्तर चुकले असे वाटले, तर ‘चूक’ म्हणण्याआधी एकदा त्याच्या घरची भिंत पाहून या.

ती मुलगी आता दुसरीत आहे. रोज येते.