विकास बँक आणि शेजारधर्म

एका राष्ट्राने दुसऱ्याशी स्नेह जोडावयाचा तर पूर्वी राजदूत, तह आणि नजराणे ही साधने असत. आधुनिक काळात त्यांच्या जोडीला सरकारी विकास बँक आली आहे. या साधनाचे सामर्थ्य व मर्यादा ब्राझीलच्या उदाहरणावरून चांगल्या ध्यानात येतात.

ब्राझीलची राष्ट्रीय विकास बँक १९५२ साली, राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांच्या कारकिर्दीत स्थापन झाली. देशातील मूलभूत उद्योगांना दीर्घ मुदतीचे भांडवल पुरविणे हे तिचे मूळ कार्य. २००० साली दक्षिण अमेरिकेतील बारा राष्ट्रांचे प्रमुख ब्राझिलिया येथे जमले आणि रस्ते, वीज व दळणवळण यांनी खंड जोडण्याचा संकल्प त्यांनी केला. त्यानंतरच्या वर्षांत शेजारी देशांतील अनेक बांधकामांना या बँकेचे पाठबळ लाभले.

या कर्जाची रीत समजून घेतली पाहिजे. कर्ज परराष्ट्राच्या नावे लिहिले जाई. पण रक्कम ब्राझीलमध्येच, ब्राझीलच्या चलनात, ब्राझीलच्या ठेकेदाराला मिळे. शेजाऱ्याच्या वाट्याला धरण येई आणि डॉलरमध्ये फेडावयाचे ऋणही येई.

इक्वेडोरमध्ये या रीतीची कसोटी लागली. तेथील सान फ्रान्सिस्को जलविद्युत केंद्र ओडेब्रेख्त या ब्राझीलच्या कंपनीने बांधले. २००७ साली सुरू झालेले हे केंद्र २००८ मध्ये बिघाडामुळे बंद पडले. राष्ट्राध्यक्ष राफाएल कोर्रेया यांनी कंपनीला देशाबाहेर काढले आणि सुमारे २४ कोटी डॉलरच्या कर्जालाच लवादापुढे आव्हान दिले. ब्राझीलने त्याच वर्षी नोव्हेंबरात आपला राजदूत परत बोलावला. ठेकेदाराशी असलेला तंटा पाहता पाहता दोन राष्ट्रांचा तंटा झाला.

पुढे व्हेनेझुएला, मोझांबिक व क्यूबा यांचे हप्ते थकले, तेव्हा भरपाईचा भार ब्राझील सरकारच्या हमी-निधीवर, म्हणजे अखेर तेथील जनतेवर पडला. क्यूबाला दिलेल्या कर्जांच्या अटी तर २०१५ पर्यंत त्या जनतेपासून गुप्त ठेवल्या होत्या.

म्हणून अशी कर्जे देऊच नयेत, असे नव्हे. रस्त्यावाचून व विजेवाचून शेजारी जवळ येत नाहीत, आणि त्यासाठी दीर्घकाळ थांबणारा खाजगी सावकार क्वचितच भेटतो. परंतु कामाची पारख कोणी करावयाची, काम बिघडल्यास हप्त्याचे काय, आणि करार उभय देशांच्या जनतेला वाचावयास मिळेल काय, हे पहिली वीट बसण्यापूर्वीच ठरले पाहिजे.