कंपवात आणि शिकणारा मेंदू



आमचे घर द्वारकेला. मुंबई-आग्रा हमरस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जेथे मिळतात, त्या चौकाचा गलबला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे वर्णन करीत बसत नाही. त्या गलबल्यालगतच्या आमच्या घरात काही वर्षांपूर्वी एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या थोरल्या काकांना कंपवात झालेला. जन्मभर हिशेब चोख ठेवलेला हा मनुष्य. त्यांना मोबाइलवरून विजेचे बिल भरायला आम्ही शिकवू लागलो. ते बोट ठेवीत, चुकत, आणि आम्ही म्हणत असू, "काका, चुकलं. पुन्हा करा." आठ दिवस हे चालले. नवव्या दिवशी त्यांनी फोन आमच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे रे. आता या डोक्यात नवं काही शिरायचं नाही." आम्हीही ते खरे मानले. ते खरे नव्हते, आणि का नव्हते, तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आयुर्वेदातल्या कंपवाताशी जुळणाऱ्या या रोगाचे वर्णन १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी केले, म्हणून त्याला त्यांचे नाव पडले. हा काही परमुलखातला रोग नव्हे. मुंबईच्या पारशी समाजाची एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत दर लाख माणसांमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले होते. मध्यमेंदूत काळसर रंगाचा एक पट्टा असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करून मेंदूच्या अंतर्भागातील स्ट्रायटम या पुंजाकडे पोचवितात. त्या पेशी झडू लागल्या की हात कापतो, चाल मंदावते, पाऊल जमिनीला चिकटते. इतके बहुतेकांना ठाऊक असते.

परंतु स्ट्रायटमचे काम हालचालीपुरतेच नाही. सवय अंगी मुरविणे हेही त्याचेच काम. अंधारात आपण घरचे कुलूप उघडतो, सायकलवर तोल सांभाळतो, आणि कसे ते सांगता येत नाही. पाठ केलेला श्लोक मात्र निराळ्या कोठारात राहतो; ते कोठार कानशिलाच्या आतल्या बाजूस आहे. म्हणजे आपल्या डोक्यात शिकण्याच्या निदान दोन वाटा आहेत.

१९९६ साली अमेरिकेत बार्बरा नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खेळ मांडला. आकृत्या काढलेली पत्ती दाखवायची आणि आज ऊन पडेल की पाऊस, ते ओळखायला सांगायचे. नियम पक्का नव्हता. एखादे पान पुष्कळदा पावसाचे, पण नेहमी नव्हे. असा अंदाज पाठ करून येत नाही, हळूहळू अंगवळणी पडतो. ज्यांची स्मरणशक्ती गेलेली होती, ते हा खेळ शिकले, पण खेळासंबंधी विचारलेले त्यांना आठवेना. कंपवाताच्या रुग्णांचे उलट झाले. खेळाचा सारा तपशील त्यांना आठवत होता. अंदाज मात्र पहिल्या ५० फेऱ्यांत सुधारेना. एकाची एक वाट बंद, दुसऱ्याची दुसरी!

आता प्रश्न असा, की वाट बंद झालेला मेंदू करतो काय? हे बाहेरून कळत नाही. आत पाहावे लागते. येथे चुंबकीय प्रतिमांचे यंत्र, ज्याला आपण एमआरआय म्हणतो, ते उपयोगी पडते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तेथे प्राणवायूने भरलेल्या रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण किंचित निराळे असतात. त्या फरकावरून चित्र उमटविता येते, हे १९९० साली सेइजी ओगावा यांनी प्राण्यांवर दाखविले आणि पुढे दोनच वर्षांत माणसांवर त्याचा उपयोग झाला. हे विचारांचे छायाचित्र नव्हे. द्वारकेच्या उड्डाणपुलावरून खाली पाहिले तर कोणत्या रस्त्याला वर्दळ आहे ते दिसते. गाडीत कोण बसले आहे आणि काय बोलत आहे, ते दिसत नाही. तसेच हे. शिवाय या यंत्रात डोके न हलविता पडून राहावे लागते. ज्याचे अंगच कापते, त्याला ते किती कठीण जात असेल! अशा रुग्णांनी ते सोसले, म्हणून हे ज्ञान आपल्या हाती आले.

२००४ साली टीना मूडी, नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच ऊनपावसाचा खेळ यंत्रात खेळविला. निरोगी माणसांच्या स्ट्रायटममध्ये वर्दळ दिसली. रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये ती कमी होती. मात्र कानशिलाआतले स्मृतीचे कोठार आणि कपाळामागचा एक भाग त्यांच्यात अधिक कामाला लागला होता. हमरस्ता तुंबला की द्वारकेचा रिक्षावाला गल्लीबोळांतून गाडी काढतो ना, त्यातलाच हा प्रकार. पुढच्याच वर्षी ताओ वू आणि मार्क हॅलेट यांनी बोटांच्या हालचाली शिकवून पाहिल्या. सरावाने पुष्कळ रुग्णांना त्या अंगवळणी पडल्या. परंतु तेवढ्याच कामासाठी त्यांच्या मेंदूला निरोग्यापेक्षा अधिक राबावे लागत होते. सारांश, कंपवाताचा रुग्ण शिकतो. लांबच्या वाटेने शिकतो, आणि दमतो.

यापुढची गोष्ट आम्हाला अधिक जिव्हारी लागली. २००४ मध्येच डाफ्ना शोहामी यांनी एकच धडा दोन रीतींनी दिला. एका रीतीत रुग्णाने ओळखायचे आणि मग बरोबर की चूक ते सांगायचे. तेथे रुग्ण मागे पडले. दुसऱ्या रीतीत पान आणि उत्तर एकत्रच दाखवायचे. तेथे ते निरोग्यांच्या बरोबरीने शिकले. आणि आम्ही काय करीत होतो? आठ दिवस नेमके "चुकलं" म्हणत होतो!

त्याच वर्षी मायकेल फ्रँक यांना असे आढळले, की औषधाचा अंमल असताना रुग्ण यशातून चांगले शिकतो आणि अंमल नसताना चुकीतून. म्हणजे शिकविण्याची वेळही पाहावी लागते. औषधाच्या मात्रेत मात्र डॉक्टरांवाचून कोणी हात घालू नये.

कोणी म्हणेल, मूठभर रुग्णांच्या पत्त्यांच्या खेळावरून संसाराचे नियम कसे काढायचे? हा आक्षेप वाजवी आहे. ही चित्रे अनेकांची सरासरी सांगतात. एकेका रुग्णाचे भविष्य सांगत नाहीत. रोग वाढत जातो, हेही खरे. परंतु लांबची वाट खरोखरच आहे, याचे दाखले आपल्याकडेही आहेत. पुण्यात हृषीकेश पवार या नर्तकांनी २०१० च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. उतारवयात ही माणसे नवे पदन्यास शिकली. मिलेहा सोनेजी यांचे पुण्यातले काका सपाट जमिनीवर अडखळत, पण जिना सहज उतरत. त्यांनी जमिनीवर जिन्याचे चित्र अंथरले, आणि काका त्यावरून चालू लागले.

आम्ही पुन्हा आमच्या काकांकडे गेलो. गोळी घेऊन तासभर झाला की बसायचे; आधी आम्ही बिल भरून दाखवायचे, टप्पे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहायचे, आणि मग त्यांनी करायचे. तीन महिने लागले. आता ते आपले बिल आपण भरतात. वेळ लागतो, ओठांत टप्पे मोजतात, आणि आम्ही शेजारी गप्प बसतो. खरे सांगायचे तर त्यांच्या शिकण्यापेक्षा आमचे हे गप्प बसणे शिकायला अधिक दिवस लागले.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याच्या हातातले काम इतक्या लवकर काढून घेऊ नका, एवढीच विनंती.